वस्तादांची डावी बाजू

सकाळी दाढी उरकून वस्ताद बाहेरच्या खोलीत आले, तेव्हा त्यांची बायको पालेभाजी निवडत बसली होती. तिने मान वर केली आणि हातातली जुडी तशीच धरून राहिली. नवऱ्याचा उजवा गाल आरशासारखा गुळगुळीत झाला होता. डाव्या गालावर तीन आठवड्यांची पांढरी खुंटं तशीच उभी होती. मिशीसुद्धा उजवीकडून कोरून आणलेली, आणि नाकाच्या बरोबर मध्यावर काम थांबलेलं.

"अहो, अर्धीच केलीत?"

"काय अर्धी?"

"दाढी."

वस्तादांनी उजव्या गालावरून हात फिरवला. "एक केस लागला तर सांग. तीस वर्षं लोकांच्या दाढ्या केल्या, आता तू शिकवणार मला?"

ते थट्टा करत नव्हते. बायकोला ते कळलं, आणि म्हणूनच ती घाबरली.

वस्ताद हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गिऱ्हाइकांनी दिलेलं. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. एका खुर्चीवर ते, दुसरीवर त्यांचा धाकटा भाऊ. माणूस रागीट, पण हात असा हलका की खुर्चीत बसलेल्या माणसाला डुलकी लागायची. मोठा साहेब असो की हमाल, कात्रीने कधी डावं-उजवं केलं नाही, असं ते अभिमानाने सांगत. मग एक दिवस दुपारी जेवताना त्यांच्या हातून पाण्याचा पेला निसटला आणि तोंड वाकडं झालं. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. तीन आठवड्यांनी ते घरी आले ते काठी टेकत. डावा हात लुळा, बोटं बधिर. पण उजवा हात जसाच्या तसा होता. वाचाही शाबूत होती. अंमळ जास्तच शाबूत, असं धाकटा म्हणायचा.

घरी आल्यापासून काहीतरी विचित्र चाललं होतं. वस्ताद ताटातलं अर्धंच जेवत आणि वर ओरडत, "भाजी वाढायला हात आखडतो का तुझा?" भाजी ताटातच असे, डावीकडे. पहिल्या दिवशी बायकोने वाद घातला. दुसऱ्या दिवशी तिने न बोलता ताट अर्धं फिरवून दिलं. भाजी एकदम समोर आल्यावर वस्ताद म्हणाले, "आता कशी सुचली?" आणि जेवले. तेव्हापासून ती रोज ताट फिरवायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की नजर उत्तम आहे. मग हे काय, ते तिला उमगत नव्हतं.

महिनाभराने वस्ताद कुणाचं न ऐकता सलूनमध्ये जाऊन उभे राहिले. पहिलं गिऱ्हाईक निवृत्त हेडमास्तर, वीस वर्षांचा घरोबा. धाकटा म्हणाला, "दादा, मी करतो." वस्तादांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाजूला झाला. डावा हात नुसताच लटकत होता, पण कात्री नेहमीसारखी चालली, कचकच, कचकच, त्याच जुन्या तालावर. पंधरा मिनिटांत वस्तादांनी खांद्यावरचं कापड झटकलं. "झालं. बघा आरशात."

हेडमास्तरांनी आरशात पाहिलं. उजवीकडे सुरेख बारीक केस, डावीकडे कानावर आलेलं रान. त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने मान खाली घातली. "छान," म्हणाले हेडमास्तर, आणि खिशातला रुमाल डोक्याला बांधून चालते झाले.

पाच मिनिटांनी धाकट्याने हळूच कात्री आणि कंगवा पिशवीत टाकला आणि त्यांच्या मागे गेला. हे मात्र वस्तादांना दिसलं, कारण तो उजवीकडच्या दाराने गेला होता.

संध्याकाळी घरात आगडोंब. "माझं गिऱ्हाईक पळवतोस? मी अजून मेलो नाही! दाढी अर्धी, जेवण अर्धं, सगळे मिळून मला वेडा ठरवताय. सलून लाटायचंय ना तुला? केसाने गळा कापलास धाकट्या."

धाकटा उठून गेला. त्यानंतर तो वहिनीशी फोनवर बोलायचा, घरी यायचा नाही.

बायकोने हॉस्पिटलच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली आणि तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत पाठवलं. दारावर लिहिलं होतं, 'ऑक्युपेशनल थेरपी'.

खोली मोठी होती आणि घरातली सगळी किडूकमिडूक तिथे गोळा केल्यासारखी दिसत होती. एका फळीवर नळ, कड्या, कुलपं आणि दिव्यांची बटणं ठोकलेली. एक खोटं स्वयंपाकघर. एक पलंग, त्यावर घडी न घातलेले कपडे. खिडकीखाली बुटका, रुंद बाक आणि बाकावर छातीभोवती निळा पट्टा घातलेली एक तपकिरी कुत्री. थेरपिस्ट तिशीची, बारीक अंगाची, कमी बोलणारी बाई होती.

"म्हणजे धंदा शिकवणार का मला?" वस्तादांनी पाटीकडे काठी रोखली.

"नाही काका. दाढी, जेवण, कपडे, जे तुम्ही रोज करता ते नीट होतंय का ते बघायचं. होत नसेल तर वाट शोधायची."

"माझं सगळं नीट होतं."

"मग लवकर सुटाल," ती म्हणाली. "ही खारीक. माझ्याबरोबर काम करते. दोन वर्षं शिकलीय ती, भुंकत नाही, चावत नाही. आज तिला विंचरायचं."

वस्तादांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग थेरपिस्टकडे. "या हातांनी जिल्हाधिकाऱ्यांची दाढी केलीय मी. आता कुत्र्याची वेणीफणी करू?"

"जिल्हाधिकारी हलत होते का?"

"अं?"

"ही हलत नाही. म्हणून सोपी."

बायकोला हसू आलं, ते तिने पदरात लपवलं. वस्तादांनी कंगवा घेतला. रागाने घेतला, पण कंगवा हातात आला की त्यांचा हात आपोआप शहाणा व्हायचा. खारकेचं डोकं त्यांच्या उजव्या बाजूला होतं. त्यांनी कपाळापासून सुरुवात केली, कान, मान, खांदे, आणि पाठीच्या मध्यावर येऊन थांबले. "झालं."

मागचा अर्धा भाग तसाच होता. थेरपिस्टने ते वहीत लिहून घेतलं. मग तिने खारकेच्या केसांत रंगीत चिमटे लावले आणि सांगितलं, सगळे काढा. वस्तादांनी पाच काढले.

"दहा लावले होते काका."

"पाचच लावले असतील तुम्ही. मोजता येत नसेल."

तिने वाद घातला नाही. बायकोला मात्र जाताना बाजूला घेऊन सांगितलं. डोळे चांगले आहेत, पण मेंदूने डाव्या बाजूची दखल घेणंच सोडलंय. अंधार दिसतो असंही नाही. त्यांच्या लेखी तिथे काही नाहीच. म्हणून तुम्ही सांगता ते त्यांना खोटं वाटतं. "त्यांचं चुकत नाही," ती म्हणाली. "नसलेली गोष्ट कुणी कशी शोधेल?"

मग आठवड्यातून दोनदा येणं सुरू झालं. थेरपिस्ट खारकेला वस्तादांच्या डावीकडे बसवायची आणि दोन बोटांनी बाकावर टकटक करायची. त्यासरशी खारीक आपली हनुवटी वस्तादांच्या लुळ्या डाव्या हातावर टेकवून बसायची. वस्तादांना कधी काही जाणवायचं, कधी नाही. जाणवलं तरी ते म्हणत, "इथे खालून गरम हवा येते का?" तीन आठवडे गेले. चिमटे पाचाचे सहा झाले नाहीत. थेरपिस्टच्या वहीची पानं भरत चालली, आणि वस्तादांचं म्हणणं होतं की ही बाई पगारासाठी गिऱ्हाईक धरून ठेवते.

चौथ्या आठवड्यात तिने खारकेला उलटं निजवलं. शेपूट वस्तादांच्या उजवीकडे, डोकं डावीकडे. एवढंच केलं, सांगितलं काही नाही.

वस्तादांनी शेपटापासून विंचरायला घेतलं. मांडी, कंबर, पाठ. मध्यावर आले आणि थांबले. "झालं."

"नक्की?"

"नक्की."

आता वस्तादांची एक सवय होती. काम संपलं की गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून एकदा तळहात फिरवायचा आणि हलकीच टिचकी मारायची. जा आता, अशा अर्थाने. तीस वर्षांत ही टिचकी कधी चुकली नव्हती. त्यांनी कंगवा ठेवला आणि टिचकी मारायला हात उचलला. हात हवेतच राहिला. खाली कंबर होती. त्यांनी हात थोडा सरकवला, खाली पाठ होती. पुन्हा शेपटाकडे आणला. शेपूट होतं.

मग ते म्हणाले, "मॅडम, डोकं कुठंय?"

"कुणाचं?"

"हिचं. कुत्र्याला डोकं असतं ना? एवढा वेळ मी विंचरतोय. मला डोकं लागलंच नाही."

बायको पुढे झाली. थेरपिस्टने हात वर करून तिला थांबवलं. "शोधा," ती वस्तादांना म्हणाली. "हात उचलू नका. केसांवरून नेत राहा."

वस्तादांनी पाठीवर हात ठेवला आणि पुढे सरकवला. बरगड्या लागल्या. निळ्या पट्ट्याची कड लागली. पट्टा ओलांडला, मग खांद्याचं हाड, मग मानेचे दाट केस. हात जाईल तशी त्यांची मान वळत गेली, मानेबरोबर खांदा, आणि मग कुठूनशी एक तपकिरी कानाची पाळी आली, तिच्यामागून एक डोळा. खारीक त्यांच्याकडेच बघत होती. तिची हनुवटी एका माणसाच्या हातावर टेकलेली होती. हाताच्या करंगळीवर जुना कात्रीचा व्रण होता. तो व्रण वस्तादांनी ओळखला.

"हा माझा हात."

"हो."

"ही कधीपासून इथे आहे?"

"तुम्ही बसलात तेव्हापासून."

वस्तादांनी खारकेच्या डोक्यावर टिचकी मारली नाही. तळहात ठेवून बसले. नुसतंच. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "म्हणजे हेडमास्तरांचं डोकं..." एवढं म्हणून ते थांबले.

घरी येऊन ते आरशासमोर बसले. आरशावर त्यांचा भरवसा उरला नव्हता, म्हणून डोळे मिटले आणि उजव्या हाताची बोटं हनुवटीवरून पलीकडे नेली. खुंटं लागली. बायको सकाळी त्यांच्या मागे लागून तेवढी बाजू स्वतः करायची, त्या दिवशी त्यांनी करू दिली नव्हती. बोटं कानापर्यंत गेली आणि तिथेच राहिली.

"धाकट्याला बोलाव," ते म्हणाले.

धाकटा आला आणि दारात उभा राहिला. वस्तादांनी विचारलं, "त्या दिवशी हेडमास्तरांच्या मागे का गेला होतास?"

"उरलेलं डोकं कापायला."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

वस्तादांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ते म्हणाले. मग बायकोला हाक मारली. "याला चहा दे. आणि मलाही. कप उजवीकडे ठेव." माफी मागण्याची त्यांची रीत एवढीच होती, आणि धाकट्याला ती ओळखू येत होती.

पण कळलं म्हणजे दिसायला लागलं, असं काही झालं नाही. दुसऱ्याच दिवशी वस्तादांनी सदऱ्याची एकच बाही घातली आणि तसेच शेजारी जाऊन आले. डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटून निळा पडला. थेरपीच्या खोलीत चिमटे सहा निघाले, मग पुन्हा पाच, मग आठ. फरक इतकाच झाला, की "दोन राहिले" असं थेरपिस्टने सांगितलं की ते आता भांडत नसत. मान वळवून शोधायला लागत. नियम ठरला. काम सुरू करण्याआधी खारीक कुठे आहे ते आधी शोधायचं, हात तिच्या डोक्यावर ठेवायचा, आणि तिथून उजवीकडे यायचं. जेवतानाही, कपडे घालतानाही. पुढे घरी खारकेच्या जागी टेबलाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. वस्ताद पट्टीला 'खारीकबाई' म्हणत.

एकदा ते कंटाळून म्हणाले, "मॅडम, हे किती दिवस?" थेरपिस्टने खरं ते सांगितलं. बरंचसं सुधारेल, सगळं सुधारणार नाही. वस्तरा दुसऱ्याच्या गळ्याला पुन्हा लावायचा नाही, हे आत्ताच मनाशी पक्कं करा. वस्ताद भडकले. आठ दिवस आले नाहीत. नवव्या दिवशी आले तेव्हा तिने त्यांची अशी बिनपाण्याने केली, की बाहेर बसलेल्या पेशंटनीही पाठ ताठ केली. आठ दिवसांत दोन महिन्यांचं मुसळ केरात गेलं, असा तिचा मुद्दा होता. वस्तादांनी ऐकून घेतलं. खारकेच्या डोक्यावर हात ठेवला आणि चिमटे शोधायला लागले.

खुर्चीची कल्पना त्यांना जेवताना सुचली. बायकोने सवयीने ताट फिरवलं, आणि वस्तादांचा घास हातातच राहिला. "ताट फिरतं, मग खुर्चीही फिरते की!"

"काय म्हणता?"

"गिऱ्हाइकाची खुर्ची गं. मी हलायचं नाही. डोकं माझ्यासमोर फिरवायचं. थोडं कापायचं, थोडं फिरवायचं. फिरून फिरून सगळं डोकं उजवीकडे येणारच ना?"

थेरपिस्टला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदाच मोकळं हसली. "हे मला सुचायला हवं होतं," ती म्हणाली. तिने फिरत्या स्टुलावर प्लॅस्टिकचं डोकं बसवलं आणि सुताचा टोप घातला. पहिल्या दिवशी टोपाला डावीकडे शेंडी राहिली. दहाव्या दिवशी राहिली नाही. फक्त एका गोष्टीवर ती अडून बसली. कात्री ठेवल्यावर उजव्या हाताने सगळं डोकं चाचपायचं, मागून पुढे, आणि मग दुसऱ्या कुणाला तरी दाखवायचं. दाखवल्याशिवाय 'झालं' म्हणायचं नाही.

खऱ्या डोक्याची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला, कुणाचं? वस्तादांनी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडे बघू नका."

रविवारी सलून बंद असताना धाकटा येऊन खुर्चीत बसला. स्वतःच कापड गळ्याभोवती बांधून घेतलं. थेरपिस्ट खारकेला घेऊन आली होती आणि बाकड्याच्या टोकाला बसली होती.

"मला उद्या लग्नाला जायचंय," धाकटा म्हणाला. "एवढं लक्षात ठेव."

"कुणाच्या?"

"कुणाच्या नाही. पण तू असं समज."

वस्तादांनी खारीक शोधली, डावीकडे. डोक्यावर हात ठेवला. मग कात्री उचलली. थोडं कापलं, गुडघ्याने खुर्ची ढकलली, थोडं कापलं. डावा हात आता कंगवा धरण्याइतका चालत होता, पण मधूनच विसरायचा आणि कंगवा खाली पडायचा. तीनदा पडला. दोनदा धाकट्याने उचलून दिला, तिसऱ्यांदा म्हणाला, "मी कंगवा उचलायला बसलोय की केस कापायला?" पूर्वी जे काम पंधरा मिनिटांत होई, त्याला पाऊण तास लागला. वस्तादांच्या सदऱ्याची पाठ भिजली.

त्यांनी कात्री ठेवली. तळहाताने मागून पुढे चाचपलं. झालं म्हणायला तोंड उघडलं, मिटलं, आणि भावाला हातआरसा दिला.

धाकट्याने आरसा इकडून तिकडून फिरवून पाहिला. "डाव्या कानामागे एवढं राहिलंय."

बाकड्यावर बसलेली बायको पदराचं टोक पिळत होती.

"दाखव," वस्ताद म्हणाले.

धाकट्याने त्यांचा हात धरून कानामागे नेला. वस्तादांनी खुर्ची फिरवली, वाकून पाहिलं आणि तेवढं कापून टाकलं.

आता वस्ताद आठवड्यातून चार दिवस सकाळी सलूनमध्ये असतात. केस ते कापतात, दाढ्या धाकटा करतो. प्रत्येक डोकं झालं की धाकटा येऊन हात फिरवून बघतो. दहातल्या एखाद्याला काहीतरी राहिलेलं सापडतं. काही गिऱ्हाइकं हळूच दुसऱ्या खुर्चीकडे सरकली, ते वस्तादांना दिसलं. त्यांनी त्यावर चार दिवस तोंड फुगवलं आणि मग सोडून दिलं. वस्तरे त्यांनी स्वतःच्या हाताने भावाच्या खणात ठेवले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

थेरपिस्टने फाईल बंद केली, तेव्हा शेवटचं भेटायला म्हणून ते गेले होते. खारीक एका नव्या पेशंटबरोबर कामात होती. त्या पेशंट बाईंचे दोन्ही हात थरथरत होते आणि त्या निळ्या पट्ट्याचं बक्कल लावायचा प्रयत्न करत होत्या. वस्ताद दारातच थांबले. खारकेने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. बायकोला जरा वाईट वाटलं.

"ओळखसुद्धा दिली नाही हो."

"कामावर आहे ती," वस्ताद म्हणाले. "हललं की बक्कल निसटतं."

बक्कल लागेपर्यंत ते उभे राहिले. मग काठी उजव्या हातात नीट धरून, डावीकडची चौकट बघून घेऊन, ते बाहेर पडले.